निकोटिनची ओढ जनुकांत किती, आणि त्यावरून सिगारेट सोडण्याचं साधन कसं निवडायचं

जुळ्या भावंडांच्या अभ्यासांनुसार निकोटिनचं व्यसन जडण्यात साधारण निम्मा वाटा आनुवंशिकतेचा असतो. म्हणून सिगारेट सुटत नाही याचं खापर फक्त मनोबलावर फोडणं अन्यायाचं आहे.

दोन जनुकं मुख्य. पंधराव्या गुणसूत्रावरचं सीएचआरएनए५ मेंदूतल्या निकोटिन-ग्राहकाचा (निकोटिन जिथे चिकटतं त्या रिसेप्टरचा) एक भाग घडवतं. 'आता पुरे' हा इशारा देण्यात त्या भागाचा हात असतो. या जनुकाच्या एका प्रकारात तो इशारा क्षीण पडतो. तरी त्याच्या प्रत्येक प्रतीमागे दिवसाला सरासरी एखादीच सिगारेट वाढते. दुसरं सीवायपी२ए६. यकृतात बहुतांश निकोटिनचं विघटन याच्या विकरामुळे (एन्झाइममुळे) होतं. विकर जलद असेल तर रक्तातलं निकोटिन झपाट्याने उतरतं आणि तलफ लवकर येते.

जनुकचाचणीवर पैसे घालवू नका. जोखीम अनेक जनुकांत विखुरलेली असते. एकट्याचं भाकीत त्या अहवालातून निघत नाही. त्यापेक्षा आठवडाभर घड्याळ लावून पाहा: उठल्यापासून पहिल्या सिगारेटपर्यंत किती मिनिटं जातात? निकोटिनचं व्यसन किती तीव्र हे गुणांत मोजणाऱ्या फागरस्ट्रॉम चाचणीत ५ मिनिटांच्या आत पेटवणाऱ्याला ३ गुण, ६ ते ३० मिनिटांना २, ३१ ते ६० मिनिटांना १. दिवसाच्या आकड्यापेक्षा हे माप आम्हाला जास्त भरवशाचं वाटतं, कारण कमी सिगारेटी ओढणारे पुष्कळदा झुरके खोल घेतात.

पहिली सिगारेट अर्ध्या तासाच्या आत असेल तर ४ मिलिग्रॅमचा निकोटिन गम, नंतर असेल तर २ मिलिग्रॅमचा. गम मुंग्या येईपर्यंत सावकाश चावा, मग गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्या. मुंग्या ओसरल्या की पुन्हा चावा, असं अर्धा तास. सतत चघळलं की निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं, उचक्या लागतात, मळमळतं, आणि मेंदूत पोचण्याआधीच यकृत त्यातलं बरंचसं संपवतं. गमच्या १५ मिनिटं आधीपासून कॉफी, फळांचा रस, कोला टाळा. आम्लामुळे निकोटिन तोंडातून शोषलं जात नाही.

सिगारेट चालू असतानाच लाळेतून किंवा रक्तातून विघटनाचा वेग मोजता येतो. वेग सर्वसाधारण किंवा जलद निघाला तर डॉक्टरांना सिगारेट सोडवणाऱ्या व्हॅरेनिक्लिन या गोळीबद्दल विचारा. ती गोळी सोडण्याच्या तारखेआधी एक आठवडा सुरू करतात. वेग मंद असेल तर त्वचेवर लावायची निकोटिनची पट्टीही तितकीच चालते, दुष्परिणाम कमी.

सोडल्यावर कॉफी निम्मी करा. धुरामुळे कॅफिन लवकर निचरत होतं. आता ते साचतं, आणि त्याची धडधड तलफेची समजून माणूस पुन्हा पेटवतो.