रेकॉर्डच्या प्रोड्यूसरला प्रतिभावंत म्हणावे का, हे कसे ठरवावे

रविवारी सकाळी चार मित्र चहाला जमले आणि विषय जुन्या इंग्रजी गाण्यांकडे वळला, की कोथरूडच्या आमच्या घरी एक वाद ठरलेलाच असतो : अमेरिकन रेकॉर्ड-प्रोड्यूसर फिल स्पेक्टर किंवा बीटल्सचा प्रोड्यूसर जॉर्ज मार्टिन खरोखर जीनियस होते, की चांगल्या गायकांमागे उभे राहण्याचे भाग्य तेवढे त्यांना लाभले? हा वाद इतक्यांदा झाला आहे, की तो कसा चालवावा याची एक रीत आता आमच्या अंगवळणी पडली आहे.

सर्वांत आधी शब्द नीट करून घ्यावेत. आपल्याकडे ‘प्रोड्यूसर’ म्हटले की पैसा घालणारा चित्रपट-निर्माता डोळ्यांसमोर येतो आणि निम्मा वाद तेथेच भरकटतो. रेकॉर्डचा प्रोड्यूसर कामाने दिग्दर्शकाच्या जवळचा असतो. कोणती वाद्ये घ्यायची, कोणता टेक, म्हणजे गाण्याचे एका वेळचे ध्वनिमुद्रण, पुन्हा करायचा, आवाज कोरडा ठेवायचा की घुमवायचा, हे बहुधा तो ठरवतो. ‘जीनियस’ऐवजी ‘प्रतिभा’ हा शब्द घेतला तर मोजपट्टीही आयती मिळते, कारण आपल्या काव्यशास्त्राने ‘नवनवोन्मेषशालिनी’, म्हणजे नवे नवे सुचत राहणाऱ्या, प्रज्ञेलाच प्रतिभा म्हटले आहे आणि त्यात ‘नव’ दोनदा आहे. एकदा काही वेगळे सुचले तर ती युक्ती होय. निरनिराळ्या निमित्तांनी सुचतच राहिले, तरच पुढचे बोलावे.

मग ऐकायला बसावे, आणि मोबाइलच्या स्पीकरवर मुळीच नव्हे. आमच्यातील एकाने डबीएवढ्या ब्लूटूथ स्पीकरवर द रॉनेट्स या गायिकांच्या गटाचे, स्पेक्टरने केलेले १९६३ मधील ‘बी माय बेबी’ लावले आणि ‘नुसता गोंगाट’ असा निकाल देऊन टाकला. तेच गाणे, मूळचे मोनो म्हणजे दोन्ही कानांना एकच नाद देणारे, हेडफोनवर ऐकल्यावर मात्र तो गप्प झाला. सुरुवातीला ड्रमचे तीन खोल ठोके आणि चौथा कडाडणारा. त्यानंतर पियानो, गिटार आणि तालवाद्ये अशी एकमेकांत मिसळतात, की कोणते वाद्य कोठे संपले हे सांगता येत नाही. लॉस एंजेलिसच्या गोल्ड स्टार स्टुडिओतील लहानशा खोलीत स्पेक्टर एकाच प्रकारची अनेक वाद्ये एकत्र वाजवून घेई आणि तो सगळा नाद प्रतिध्वनीच्या खास खोलीतून फिरवून परत मुद्रित करी. ‘वॉल ऑफ साउंड’, नादाची भिंत, म्हणतात ती हीच.

येथे लगेच श्रेयाची वाटणी करावी. ते ड्रम हॅल ब्लेनचे, वाद्यसंयोजन जॅक नित्शेचे, ध्वनिमुद्रण लॅरी लेव्हिनचे. जुन्या मराठी भावगीतांच्या बाबतीत आपण संगीतकाराचे नाव घेतो आणि संयोजकाला विसरतो. तीच चूक प्रोड्यूसरच्या बाजूने करू नये. प्रत्येकाचा वाटा बाजूला काढल्यावर ‘हे याच्याशिवाय झालेच नसते’ असे काय उरते, तेवढेच त्याच्या खात्यावर मांडावे.

यापुढची कसोटी सर्वांत उपयोगाची आहे : गायक बदलून पाहावेत. द क्रिस्टल्स, रायचस ब्रदर्स, १९६६ मध्ये टीना टर्नर, कोणीही गावे, भिंत तीच उभी राहते. म्हणजे नाद स्पेक्टरचाच, याविषयी शंका उरत नाही. पण त्याच पुराव्याने ‘नव’ दुसऱ्यांदा आले का, हा प्रश्नही उभा राहतो. उलट जॉर्ज मार्टिन. बीटल्सच्या आधी तो पीटर सेलर्सच्या विनोदी रेकॉर्डही करीत असे. पुढे १९६६ मध्ये ‘एलिनॉर रिग्बी’साठी त्याने आठ तंतुवाद्यांची रचना लिहिली आणि त्या गाण्यात बीटल्सपैकी कोणीच वाद्य वाजवले नाही. १९६७ च्या ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’मध्ये तर बीटल्सपैकी जॉन लेननला एका टेकचा आरंभ आणि दुसऱ्याचा पुढचा भाग हवा होता, पण दोहोंची लय वेगळी आणि स्वरही वेगळा. मार्टिन आणि ध्वनिमुद्रक जेफ एमरिक यांनी टेपचा वेग बदलून ते जुळवले. साधारण एका मिनिटाजवळ कान देऊन ऐकावे. गाणे एकदम जड, गडद होते, तोच तो सांधा.

माणसाच्या वर्तनाचा हिशेब वेगळ्या पानावर ठेवावा. लाना क्लार्कसन या अभिनेत्रीच्या २००३ मधील खुनाबद्दल स्पेक्टर २००९ मध्ये दोषी ठरला आणि कैदेत असतानाच २०२१ मध्ये मरण पावला. ‘विक्षिप्तपणा हा प्रतिभेचाच भाग’ असे कोणी म्हणू लागला, तर त्याला तेथेच थांबवावे. त्या गुन्ह्याचा ड्रमच्या ठोक्यांशी काही संबंध नाही आणि ठोक्यांनी तो सौम्यही होत नाही.

शेवटी संस्कृत काव्यशास्त्रकार राजशेखराने केलेला भेद हाताशी घ्यावा. कारयित्री प्रतिभा रचणाऱ्याची, भावयित्री जाणून घेणाऱ्याची. मार्टिनचे मोठेपण मला बरेचसे दुसऱ्या प्रकारचे वाटते. दुसऱ्याच्या अर्धवट सांगण्यातून त्याला काय हवे आहे हे ओळखणे आणि ते कानांपुढे आणून ठेवणे ही लहान गोष्ट नव्हे, म्हणून मी त्याला निःसंकोचपणे प्रतिभावंत म्हणतो. आमच्या वहीत स्पेक्टरच्या नावापुढे मात्र ‘थोर, पण युक्ती’ असे लिहिले आहे, आणि त्यातला ‘पण’ खोडावा की नाही, यावर चौघांचे मत अजून दोन-दोन असेच आहे.