अंगावर आलेलं ते नेमकं काय? चामखीळ, मस, तीळ आणि गाठी कशा ओळखाव्यात

आपण बोलताना मोठा गोंधळ करतो. मानेवर लोंबणारी मऊ कणी असो, बोटावरचा खरखरीत उंचवटा असो की गालावरचे काळे ठिपके, सगळ्यांना सरसकट ‘चामखीळ’ म्हणून मोकळे होतो. कोणी ‘मस’ म्हणतं. पण यातली एकच गोष्ट संसर्गाने पसरते, बाकीच्या पसरत नाहीत. म्हणून नाव नंतर ठेवा, आधी नीट बघा आणि हात लावून पाहा.

पायरी १: उजेडात बघा, फोटो काढा

दिवसाच्या उजेडात बघा. पाठीसाठी दोन आरसे लागतील, किंवा घरातल्या कोणाला तरी बघायला सांगा. शेजारी मोजपट्टी धरून मोबाइलवर फोटो काढून ठेवा. ‘वाढलंय का हो हे?’ या प्रश्नाचं उत्तर आठवणीतून कधीच नीट मिळत नाही, दोन-तीन महिन्यांच्या अंतराने काढलेल्या दोन फोटोंतून मिळतं.

पायरी २: त्वचेवर आहे की त्वचेखाली?

हलकं दाबा आणि बाजूला सरकवून पाहा. वरची त्वचा अगदी नेहमीसारखी, खाली मऊ, न दुखणारी आणि बोटाखालून निसटणारी गाठ असेल, तर ती बहुधा चरबीची गाठ. ती वर्षानुवर्षं तशीच राहू शकते. मात्र पाच सेंटिमीटरपेक्षा मोठी, टणक, खोलवर चिकटलेली किंवा भराभर वाढणारी गाठ डॉक्टरांना दाखवायलाच हवी.

गाठीच्या मध्यावर बारीक काळं छिद्र दिसलं तर ती पिशवीसारखी गाठ, म्हणजे सिस्ट. आत केराटिनचा, म्हणजे त्वचेतल्याच एका प्रथिनाचा, पांढरट, उग्र वासाचा लगदा असतो. ती पिळायचा मोह फार होतो. पिळू नका. लगदा बाहेर आला तरी पिशवीची भिंत आत राहते आणि गाठ पुन्हा भरते; पिशवी आतल्या आत फुटली तर ती जागा सुजून लाल होते आणि ठणकते.

पायावर तपकिरी, शर्टाच्या बटणासारखा घट्ट कण असेल तर चिमटीत धरा. मध्यभागी खळी पडली तर तो डर्मॅटोफायब्रोमा असण्याची शक्यता जास्त. बऱ्याचदा कीटक चावल्यानंतर किंवा लहानशा जखमेनंतर तो येतो आणि निरुपद्रवी असतो.

पायरी ३: पृष्ठभाग कसा आहे?

खरी चामखीळ एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे येते. ती खरखरीत असते आणि तिच्यात बारीक काळे ठिपके दिसतात. लोक त्यांना ‘मुळं’ म्हणतात, पण ती रक्त गोठलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांची टोकं असतात. तळव्यावर चामखीळ आणि कुरूप यांत हमखास गफलत होते. दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबल्यावर जास्त दुखलं तर चामखीळ, वरून सरळ दाबल्यावर दुखलं तर कुरूप. शिवाय त्वचेच्या रेषा कुरूपावरून सलग जातात, चामखिळीपाशी त्या तुटतात. मुलांच्या चामखिळी बहुतेकदा दोनेक वर्षांत आपोआप जातात. हातापायावर सॅलिसिलिक अ‍ॅसिडचं औषध चालतं. चेहऱ्यावर, जननेंद्रियांवर किंवा मधुमेह असलेल्यांच्या पायावर ते स्वतःच्या मनाने लावायचं नाही.

मान, काख, जांघ अशा घासल्या जाणाऱ्या जागी देठाला लोंबणारी मऊ कणी म्हणजे स्किन टॅग. ही संसर्गजन्य नाही. वजन वाढल्यावर, गरोदरपणात, मधुमेहात त्या जास्त दिसतात, म्हणून अचानक बऱ्याच आल्या तर रक्तातली साखर तपासून घ्यावी. देठ पिरगळला गेला की कणी काळी पडून दुखते, तेव्हा माणूस उगाच घाबरतो.

चाळिशीनंतर छाती, पाठ, चेहरा यांवर वाळलेल्या मेणाचा थेंब चिकटल्यासारखे तपकिरी-काळे चट्टे येतात. नखाने उचकटले तर निघतील असं वाटतं. हे सेबोऱ्हिक केराटोसिस. तळहात-तळपायांवर ते येत नाहीत. सावळ्या लोकांच्या गालांवर आणि डोळ्यांभोवती येणारे बारीक काळे उंचवटे याच कुळातले, आणि ते घराण्यात चालत येतात. लालचुटुक, टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके म्हणजे रक्तवाहिन्यांचे पुंजके. ते सोडून द्या.

पायरी ४: तिळाकडे जरा जास्त वेळ द्या

बहुतेक तीळ लहानपणी आणि तरुणपणी येतात. वयानुसार ते थोडे उंच आणि फिकट होणं नेहमीचंच. तिळावर केस उगवला तर घाबरण्यासारखं काही नाही. पण चाळिशीनंतर नवा तीळ आला तर दाखवावा.

तिळासारखा दिसणारा त्वचेचा कर्करोग, म्हणजे मेलॅनोमा, ओळखण्यासाठी १९८५ साली न्यूयॉर्क विद्यापीठातल्या डॉक्टरांनी ‘एबीसीडी’ ही कसोटी मांडली: दोन अर्धे सारखे नसणं, कडा वेड्यावाकड्या असणं, एकाच तिळात अनेक रंग, आणि सहा मिलिमीटरपेक्षा जास्त व्यास. २००४ मध्ये त्यात ‘ई’ जोडला गेला, म्हणजे बदल. माझ्या मते पाचांत हाच सर्वांत महत्त्वाचा. तुमच्या बाकीच्या तिळांत एकच वेगळा दिसत असेल, तर कसोटीत बसो न बसो, तो दाखवा.

गडद त्वचेच्या लोकांत मेलॅनोमा कमी आढळतो, पण होतो तेव्हा अनेकदा तळपाय, तळहात किंवा नखाखाली. गायक बॉब मार्ली यांच्या पायाच्या अंगठ्यात १९७७ मध्ये तो सापडला. आधी ती फुटबॉलची दुखापत वाटली होती. १९८१ मध्ये, ३६व्या वर्षी ते गेले. नखावर नवी काळी पट्टी दिसली आणि ती रुंद होत गेली, तर थांबू नका.

पायरी ५: केव्हा दाखवावं, काय करू नये

आपोआप रक्त येणारं, महिनाभरात न भरणारं, किंवा काही आठवड्यांत झपाट्याने वाढणारं काहीही असो, त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. ब्लेडने कापणं, दोरा बांधणं, आम्ल लावणं, यातून जखम चिघळते आणि डाग उरतो. ज्यांच्या जखमेचा व्रण जखमेबाहेर पसरतो, त्यांनी तर साधी कणी काढतानाही डॉक्टरांना आधी सांगावं. कणीच्या जागी केलॉइड, म्हणजे असाच पसरणारा व्रण, यायचा.

आणि तीळ केवळ दिसायला नको म्हणून काढणार असाल, तर आधी डॉक्टरांना नीट बघू द्या आणि काढलेला तुकडा बायोप्सीला पाठवणार का ते विचारा. लेझरने जाळून टाकलेल्या तिळाचं नंतर तपासायला काही उरतच नाही.