ग्रीन कार्डावरून अमेरिकी नागरिकत्व: या चुका टाळा

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत नागरिकत्वाचा विषय निघाला की बोलणे लगेच परीक्षेकडे वळते. प्रश्नांची यादी पाठ होते, घरातील मुलेच आई-वडिलांची उजळणी घेतात. प्रत्यक्षात पाठांतराने सुटणारा हा भाग तुलनेने सोपा असतो. नागरिकत्वासाठीचा एन-400 हा अर्ज भरताना खरा घोळ होतो तो तारखा, प्रवास आणि नावे यांच्या नोंदींत.

ग्रीन कार्ड, म्हणजे अमेरिकेत कायम राहण्याचा परवाना, मिळाल्यावर नागरिकत्वासाठी साधारणपणे पाच वर्षे तेथे सलग वास्तव्य असावे लागते. ही मोजणी कार्डावर छापलेल्या ‘रेसिडेंट सिन्स’ या तारखेपासून सुरू होते. कार्ड टपालाने हाती आले तो दिवस किंवा एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर अमेरिकेत पाऊल ठेवले तो दिवस येथे धरला जात नाही. पाच वर्षे पूर्ण होण्याच्या आधी जास्तीत जास्त 90 दिवस अर्ज करता येतो. घाईने 91 दिवस आधी पाठवलेला अर्ज नामंजूर होऊ शकतो आणि भरलेले शुल्कही परत मिळत नाही. अमेरिकी नागरिकाशी विवाह झालेल्यांना तीन वर्षांची सवलत आहे. मात्र ती तीनही वर्षे जोडीदार नागरिक असावा लागतो आणि दोघे एकत्र राहत असावे लागतात. जोडीदाराला नागरिकत्व गेल्याच वर्षी मिळाले असेल, तर ही सवलत अद्याप लागू झालेली नसते.

सर्वाधिक नुकसान भारतातील लांब मुक्कामामुळे होते, आणि त्यामागचे कारण बहुधा टाळता न येणारे असते. वडिलांच्या शस्त्रक्रियेसाठी जूनमध्ये गेलेला मुलगा दुखणे लांबल्यामुळे जानेवारीत परततो. ग्रीन कार्ड शाबूत असते, विमानतळावरही कोणी अडवत नाही, त्यामुळे सारे ठीक आहे असा त्याचा समज होतो. पण सहा महिन्यांहून अधिक आणि वर्षाहून कमी काळ बाहेर राहिल्यास सलग वास्तव्य खंडित झाले असे गृहीत धरले जाते आणि ते खोडून काढण्याची जबाबदारी अर्जदारावर येते. अमेरिकेतील नोकरी सोडली नव्हती, पत्नी व मुले तेथेच होती, घर भाड्याने दिलेले नव्हते, हे दाखवणारे कागद अशा वेळी उपयोगी पडतात. ते मुलाखतीच्या आदल्या रात्री शोधण्यापेक्षा परतल्यावर लगेच एका फाइलमध्ये लावून ठेवावेत.

अनुपस्थिती एक वर्ष किंवा त्याहून अधिक झाली, तर सलगता तुटतेच. री-एन्ट्री परमिट घेतले होते म्हणून मोजणी चालू राहील, हा गैरसमज फार पसरलेला आहे. ते परमिट परत येण्याचा मार्ग मोकळा ठेवते, पण नागरिकत्वासाठीच्या सलग वास्तव्याला संरक्षण देत नाही. अशा व्यक्तीला परतल्यानंतर किमान 4 वर्षे आणि 1 दिवस थांबावे लागते, आणि तेव्हाही वर उल्लेखलेले गृहीतक तिला खोडून काढावे लागते. 4 वर्षे 6 महिने थांबल्यास तोही प्रश्न उरत नाही. याशिवाय पाच वर्षांतील किमान 913 दिवस प्रत्यक्ष अमेरिकेत गेलेले असावे लागतात. ही बेरीज स्मरणशक्तीवर न सोडता पासपोर्टवरील शिक्के आणि तिकिटे समोर ठेवून करावी. निघण्याचा आणि परतण्याचा असे दोन्ही दिवस अमेरिकेतील धरले जातात.

नावांचा गुंता खास आपल्याकडचा आहे. लग्नानंतर स्त्रीचे मधले नाव आणि आडनाव बदलते, काही घरांत तर पहिले नावही बदलते. मग शाळेच्या दाखल्यावर एक नाव, जुन्या पासपोर्टवर दुसरे आणि ग्रीन कार्डावर तिसरे अशी स्थिती होते. अर्जात पूर्वी वापरलेली सर्व नावे विचारली जातात. माहेरचे नाव किरकोळ समजून गाळल्यास मुलाखतीत नाहक खुलासे करत बसावे लागते.

पोलिसांशी संबंध आल्याविषयीचे प्रश्न शब्दशः वाचावेत, कारण निकाली निघालेली किंवा पुसली गेलेली नोंदही सांगणे अपेक्षित असते, आणि लपवणे हे मूळ प्रकरणापेक्षा अधिक महागात पडते. वाहन परवान्याच्या कार्यालयात न वाचता सही केल्यामुळे मतदार म्हणून नोंदणी झाली असेल, तर अर्जापूर्वीच वकिलाचा सल्ला घ्यावा. ग्रीन कार्डधारकाने प्राप्तिकराचे विवरणपत्र अनिवासी म्हणून भरणे हीदेखील गंभीर चूक आहे. पुण्यातील सदनिकेचे भाडे आणि बँकेतील मुदत ठेवींचे व्याज अमेरिकेतील विवरणपत्रात दाखवावे लागते. एच-4 या, एच-1बीधारकाच्या कुटुंबीयांना मिळणाऱ्या, व्हिसावर वाढलेल्या मुलाला 26व्या वाढदिवसापूर्वी ग्रीन कार्ड मिळाले असेल, तर सेलेक्टिव्ह सर्व्हिसमधील, म्हणजे सक्तीच्या लष्करी भरतीसाठीच्या सरकारी यादीतील, नोंदणी झाली आहे का, हे तपासावे.

परीक्षेबाबत एवढेच, की जुन्या पुस्तिका वापरू नयेत. 20 ऑक्टोबर 2025 पासून केलेल्या अर्जांसाठी 128 प्रश्नांची यादी आहे. त्यांतील 20 पर्यंत प्रश्न विचारले जातात आणि 12 उत्तरे बरोबर यावी लागतात. एकदा अपयश आल्यास दुसरी संधी मिळते.

शपथ घेताच ग्रीन कार्ड परत द्यावे लागते आणि भारतीय नागरिकत्वही संपते, कारण भारताच्या 1955 च्या कायद्यात दुहेरी नागरिकत्वाला जागा नाही. त्यानंतर भारतीय पासपोर्टची मुदत शिल्लक असली, तरी त्यावर प्रवास करणे बेकायदेशीर ठरते. आधी अमेरिकी पासपोर्ट, मग भारतीय नागरिकत्वाच्या त्यागाचे प्रमाणपत्र आणि त्यानंतर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तीला भारतात ये-जा करू देणारे) असा हा क्रम आहे. म्हणून शपथविधीच्या पुढच्याच महिन्यातील लग्नाचे तिकीट काढण्यापूर्वी ही कागदपत्रे तोवर हाती येतील का, याचा हिशेब करावा.