कॅल्गरीला येताय? आधी तेलाचा भाव बघा

टोरांटोजवळच्या ब्रॅम्प्टन नाहीतर मिसिसागाहून मला इथे कॅल्गरीत महिन्यातून दोन-तीन तरी फोन येतात. "काका, तिकडे घर केवढ्याला पडतं?" आकडा सांगितला की पलीकडे फोनवर हात ठेवून नवरा-बायकोची कुजबुज चालते. मग दुसरा प्रश्न येतो, "थंडी फार असते का हो?" नोकरीचा विषय निघालाच तर शेवटी, तोही "मिळेलच ना काहीतरी" अशा सुरात.

घराचं खरं आहे. टोरांटोच्या आसपास फ्लॅटला जे पडतं त्यात इथे बऱ्याचदा अंगण आणि बेसमेंटसकट घर येतं. घर घेताना ऑन्टॅरिओत, म्हणजे टोरांटोच्या प्रांतात, लँड ट्रान्सफर टॅक्स भरावा लागतो आणि टोरांटो शहरात तो दोनदा भरावा लागतो. अल्बर्टात, म्हणजे आमच्या प्रांतात, तो नाहीच, नोंदणीची फी भरली की झालं. दुकानात तिकडे १३ टक्के कर, इथे फक्त केंद्राचा ५ टक्के. २०२२ मध्ये अल्बर्टा सरकारने टोरांटो-व्हँकुव्हरमध्ये जाहिराती लावून लोकांना इकडे बोलावलं आणि लोक आलेही. २०२३ मध्ये कॅनडातल्याच इतर प्रांतांतून इथे आलेल्यांतून इथून गेलेले वजा केले, तरी ५५ हजारांवर माणसं उरली. एवढी माणसं आली की घरभाडं चढणारच. ते किती वाढवावं याला इथे सरकारी मर्यादा नाही. वर्षातून एकदाच वाढवता येतं, एवढंच बंधन. तिकडच्या जुन्या इमारतींसारखी दोन-अडीच टक्क्यांची सवय असेल तर ती तिकडेच सोडून या.

आणखी एक गोष्ट जाहिरातीत नव्हती. इथलं किमान वेतन ऑक्टोबर २०१८ मध्ये तासाला १५ डॉलर झालं ते तिथेच अडकलंय, ऑन्टॅरिओत ते १७ च्या पुढे गेलं. पहिले सहा महिने दुकानात किंवा गोदामात काढायचा बेत असेल तर हे गणित आधी मांडा.

आता तेलाकडे येतो. मी २००६ मध्ये आलो, पायपिंगच्या कामावर. मुंबईत पवईला काम केलेली, गल्फमध्ये चार वर्षं काढलेली आमच्यासारखी पुष्कळ माणसं तेव्हा इथे उतरली. उत्तरेला फोर्ट मॅकमरीकडे तेलाचे प्रकल्पांवर प्रकल्प चालले होते आणि त्यांचं ड्रॉइंग-डिझाईन कॅल्गरीच्या डाउनटाउनमध्ये व्हायचं. जून २०१४ मध्ये पिंपाचा भाव शंभर डॉलरच्या वर होता. फेब्रुवारी २०१६ मध्ये तो तिसाच्या खाली आला. मधल्या काळात आमच्या मजल्यावर दर गुरुवारी कुणाला तरी मीटिंगला बोलवायचे. माझा गुरुवार मार्च २०१५ मध्ये आला. कंपनीचं नाव सांगत नाही, तेव्हा सगळ्याच सारख्या होत्या. घर वाचलं ते बायकोच्या नोकरीमुळे. ती प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने तपासायची आणि पिंपाचा भाव काहीही झाला तरी माणसांची रक्ततपासणी थांबत नाही.

त्या दोन वर्षांत मंडळाच्या गणपतीत तीन पंगतींची दीड पंगत झाली. दर शनिवारी कुणाकडे तरी निरोपाचं जेवण. कुणी ऑन्टॅरिओला परत, कुणी ह्यूस्टनला, दोघे तर सरळ पुण्याला. सोफे, पलंग किजिजीवर, म्हणजे जुन्या वस्तूंच्या जाहिरातींच्या साइटवर, फुकटात जायचे. शहराच्या मधोमध ऑफिसचे मजलेच्या मजले रिकामे झाले. त्यातल्या काही इमारतींची आता राहती घरं होतायत. तुम्हाला भाड्याने मिळणारी जागा कदाचित माझ्यासारख्याच कुणाचं जुनं क्युबिकल असेल.

म्हणून नोकरीचं पत्र हातात आलं की पगाराच्या आकड्याआधी कंपनी काय करते ते बघा. तेल काढणारी, पाइपलाइन चालवणारी कंपनी मंदीतही माणसं कमी करते, पण चालू राहते. त्यांची डिझाईनची कामं घेणारी कन्सल्टन्सी असेल तर प्रकल्प थांबला की अख्खी टीम मोकळी. पत्रात 'कॉन्ट्रॅक्ट' असेल तर जास्तीचा तासाचा दर बघून हुरळू नका, तो दर मधल्या रिकाम्या महिन्यांसाठीही पुरवायचा असतो. बातम्यांत सांगतात तो भाव टेक्सासकडच्या हलक्या तेलाचा. आपलं घट्ट तेल त्याहून स्वस्तात जातं आणि हा फरक वाढला की आमच्याकडे कुरकुर सुरू होते. नवरा-बायको दोघंही तेलात, असं शक्यतो करू नका. एकाने शाळा, हॉस्पिटल, महापालिका, बँक असं काहीतरी धरावं. दोघांचंही सरकारी किंवा विद्यापीठातलं काम असेल तर एडमंटन बघा. राजधानी तिथे आहे आणि घरं इथल्यापेक्षा स्वस्त आहेत. थंडी मात्र जास्त.

किरकोळ गोष्टी. दुसऱ्या प्रांतातून येत असाल तर जुनं हेल्थ कार्ड फेकू नका, इथल्या सरकारी आरोग्य विम्याचं संरक्षण आल्यानंतरच्या तिसऱ्या महिन्याच्या एक तारखेला सुरू होतं. गाडीचा विमा महाग आहे. विजेची कंपनी आपणच निवडायची असते, आणि बिल आलं की विजेपेक्षा ती आणून देण्याचाच खर्च मोठा वाटतो. ईशान्येकडे, म्हणजे सॅडल रिज, टॅराडेलकडे घर बघाल, कारण आपल्या भाज्या आणि देसी दुकानं तिथेच. मग छताचं वय विचारा. जून २०२० मध्ये तिथे अशा गारा पडल्या की घराघराची साइडिंग, म्हणजे भिंतींवरचं बाहेरचं आवरण, चाळणी झाली. हवा इतकी कोरडी की नाकातून रक्त येतं, रात्री खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं. आणि चिनूक नावाचा वारा सुटला की जानेवारीत दुपारी बर्फाचं पाणी होतं. नवी माणसं खूश होतात, माझ्या बायकोचं डोकं धरतं.

घर भाड्याने घेतलंत, की भांडी विकत आणायच्या आधी फोन करा. २०१५-१६ मध्ये गेलेल्यांनी आमच्याकडे ठेवलेले तीन कुकर अजून बेसमेंटमध्ये आहेत. पाच लिटरचा चांगला आहे, फक्त रिंग नवी घाला.