माजी सैनिकाच्या निधनानंतर कुटुंब निवृत्तिवेतन कसे मिळवावे: मुंबईत राहणाऱ्या कुटुंबांसाठी

निवृत्तिवेतन घेणाऱ्या माजी सैनिकाचे निधन झाले की दुसऱ्या दिवसापासून त्याच्या पत्नीचा कुटुंब निवृत्तिवेतनाचा हक्क सुरू होतो. हा हक्क मृत्युपत्राने दुसऱ्या कोणाला देता येत नाही, कारण कुटुंब निवृत्तिवेतन ही मृताची मालमत्ता नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ सालीच स्पष्ट केले आहे. पतीने हयातीत निवृत्तिवेतनाचा काही भाग विकून एकरकमी पैसे घेतले असले, तरी त्याची वसुली पत्नीच्या रकमेतून होत नाही. कायद्याची बाजू इतकी भक्कम असूनही प्रकरणे महिनोन्‌महिने पडून राहतात, आणि त्याचे कारण बहुतेक वेळा कागदोपत्री न जुळणारे एखादे नाव किंवा जन्मतारीख असते. म्हणून पुढील मजकुरात रकमेपेक्षा नोंदींना अधिक जागा दिली आहे. (महिला अधिकाऱ्याच्या पतीलाही हीच पद्धत लागू आहे, येथे केवळ सोयीसाठी पत्नी असा उल्लेख केला आहे.)

पहिले काम मृत्यूच्या नोंदीचे आहे. रुग्णालयात निधन झाल्यास रुग्णालय नोंद कळवते. घरी झाल्यास कुटुंबाने डॉक्टरांचा दाखला घेऊन ती महापालिकेच्या विभाग कार्यालयातील आरोग्य खात्याकडे करावयाची असते. त्यासाठी २१ दिवसांची मुदत आहे. मुंबईत हयात घालवलेला माणूस अखेरच्या दिवसांत सातारा किंवा रत्नागिरीकडील गावी जाऊन राहिला आणि तेथेच वारला, तर दाखला त्या गावच्या ग्रामपंचायतीकडूनच घ्यावा लागतो. तो मुंबईत मिळत नाही. नोंदीचा अर्ज भरताना मृताचे नाव पीपीओवर, म्हणजे निवृत्तिवेतन अदायगी आदेशावर, जसे आहे तसेच लिहावे. सैन्याच्या कागदांत पुष्कळदा फक्त नाव आणि आडनाव असते, वडिलांचे नाव नसते. आपण मात्र सवयीने तिन्ही नावे लिहून मोकळे होतो. या दोहोंत फरक पडत असेल, तर तो दाखला हाती येण्यापूर्वीच लक्षात घ्यावा, कारण एकदा निघालेल्या दाखल्यात दुरुस्ती करून घेणे हे वेगळेच प्रकरण होऊन बसते. दाखल्याच्या अधिक प्रती सुरुवातीलाच घ्याव्यात.

दुसरे काम निधन कळवण्याचे आहे, आणि नेमके हेच काम लांबणीवर पडते. निवृत्तिवेतन पुढच्या महिन्यातही खात्यात जमा होते, घरात विधी चालू असतात, आणि पैसे येतच आहेत तर घाई कशाला, असे कोणाला तरी वाटते. निधनाच्या दिवसानंतरच्या काळासाठी जमा झालेली रक्कम कुटुंबाची नसते. एटीएममधून ती काढली, तर पुढे कुटुंब निवृत्तिवेतनाच्या थकबाकीतून ती वळती होते आणि वर स्पष्टीकरण द्यावे लागते. संरक्षण निवृत्तिवेतनाचा कारभार आता ‘स्पर्श’ या संगणकीय प्रणालीवर चालतो. तिच्या मुख्य पानावर निवृत्तिवेतनधारकाच्या निधनाची सूचना देण्याची सोय आहे आणि त्यासाठी पतीचा पासवर्ड माहीत असण्याची गरज नाही. ज्यांना संगणकावर हे जमणार नाही, त्यांनी स्पर्श सेवा केंद्र असलेल्या बँकेच्या शाखेत किंवा सामायिक सेवा केंद्रात जावे. बँकेलाही लेखी कळवावे आणि पत्राच्या प्रतीवर पोच घ्यावी. निवृत्तिवेतन जमा होणारे खाते पतिपत्नीचे संयुक्त असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार बँकेने नवे खाते उघडण्याचा आग्रह धरू नये.

कुटुंब निवृत्तिवेतनाच्या अर्जासोबत मृत्यूचा दाखला, पीपीओ, पत्नीचे आधार व पॅन, बँक खात्याचा रद्द केलेला धनादेश आणि छायाचित्र लागते. आधारशी जोडलेला मोबाइल क्रमांक चालू असणे अत्यावश्यक आहे. तो पतीच्या नावावरचा असेल आणि मुलांनी उत्साहाने बंद करून टाकला असेल, तर पुढचे सारे ओटीपी हवेत जातात. ‘स्पर्शमधून बोलतोय’ असे सांगून कोणी फोनवर ओटीपी मागितला, तर मात्र तो देऊ नये. अर्जाला कोणतेही शुल्क नाही, त्यामुळे दलालाचीही गरज नाही.

नावे, तारखा आणि रेकॉर्ड ऑफिस

पीपीओवर पत्नीचे नाव आधीच नोंदलेले असेल, तर काम सरळ होते. ते नसेल, किंवा असूनही आधारवरील नावाशी जुळत नसेल, तर प्रकरण पतीच्या रेकॉर्ड ऑफिसकडे, म्हणजे त्याच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या सैन्याच्या कार्यालयाकडे, जाते. मराठी घरांत हा घोळ अपवाद नसून नियमच आहे, असे म्हणायला हरकत नाही. लग्नानंतर नाव बदललेले असते. पलटणीत ‘सुशीला’ लिहिलेले असते, आधारवर ‘सुशीलाबाई’ असते, शिधापत्रिकेवर माहेरचे नाव तसेच राहिलेले असते, आणि इंग्रजी स्पेलिंगमधले एखादे अक्षर कोणत्या लिपिकाने कधी गाळले हे कोणालाच सांगता येत नाही. जवानाने लग्नाची नोंद ज्या पार्ट टू ऑर्डरने, म्हणजे सैन्यातील वैयक्तिक नोंदींच्या आदेशाने, करून घ्यायची, ती कधी कधी झालेलीच नसते. निवृत्तीनंतर लग्न झालेल्या पत्नीलाही कुटुंब निवृत्तिवेतन मिळते, पण तिचे नाव नोंदवून घेतलेले असले तरच ते सहज मिळते.

म्हणून अर्ज करण्यापूर्वी एका कोऱ्या कागदावर पीपीओ, डिस्चार्ज बुक (सेवामुक्तीचे पुस्तक), मृत्यूचा दाखला, आधार, पॅन आणि बँक पासबुक या सहा ठिकाणी पतीचे व पत्नीचे नाव आणि दोघांच्या जन्मतारखा कशा लिहिल्या आहेत, ते शेजारी शेजारी उतरवून पाहावे. फरक किरकोळ असेल, तर दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र बहुधा पुरते. फरक मोठा असेल, तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून मग आधार सुधारून घ्यावे. कोणता कागद कोणत्या कागदासारखा करायचा, हे आधी ठरवणे महत्त्वाचे आहे. माझ्या मते, शक्य तेथे आपली नागरी कागदपत्रे सैन्याच्या नोंदीप्रमाणे करून घेणे अधिक सोपे जाते, कारण ती इथल्या इथे बदलता येतात, तर सेवेतील नोंद दूरच्या रेकॉर्ड ऑफिसातून बदलून यावी लागते.

पत्नीच्या जन्मतारखेकडे विशेष लक्ष द्यावे. कुटुंब निवृत्तिवेतनात वयाच्या ८० व्या वर्षापासून २० टक्के, ८५ पासून ३०, ९० पासून ४०, ९५ पासून ५० आणि १०० व्या वर्षी १०० टक्के वाढ मिळते. ही वाढ नोंदलेल्या जन्मतारखेवरून मोजली जाते. तारीखच कोरी असेल, तर ८० वर्षे उलटून गेली तरी ती आपोआप मिळत नाही. पन्नाशीतल्या विधवेला आज हा प्रश्न दूरचा वाटेल, पण तीस वर्षांनी पुरावे शोधण्यापेक्षा तो आताच मिटवणे बरे.

रेकॉर्ड ऑफिस कोणते, हे पतीच्या रेजिमेंटवर किंवा कोअरवर ठरते. मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला, तोफखान्याचे नाशिक रोड कॅम्पला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातील सागरला आहे. नौदलाच्या खलाशांची कागदपत्रे मुंबईतच, मानखुर्दच्या चिता कॅम्प येथील नाविक ब्युरोत असतात, त्यामुळे नौसैनिकांच्या कुटुंबांना त्या मानाने कमी वणवण करावी लागते. हवाई दलाच्या जवानांसाठी दिल्लीचे वायुसेना अभिलेख कार्यालय आहे. प्रत्येक पत्रावर पतीचा सेवा क्रमांक, हुद्दा आणि पीपीओ क्रमांक लिहावा. त्यांच्याशिवाय गेलेले पत्र कोणत्या फाइलला लावायचे हेच समोरच्याला कळत नाही.

या पत्रव्यवहारात मदतीसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर यांची कार्यालये स्वतंत्र आहेत. पुष्कळ कुटुंबांत पतीची नोंद गावाकडच्या जिल्ह्यात झालेली असते आणि ओळखपत्रही तिथलेच असते. तसे असल्यास ती नोंद मुंबईला वर्ग करून घ्यावी आणि त्याच वेळी माजी सैनिकाची विधवा म्हणून स्वतःच्या नावाचे ओळखपत्र मागावे. पुढच्या बहुतेक सवलतींना हेच ओळखपत्र लागते.

किती मिळते

साधारण कुटुंब निवृत्तिवेतन अखेरच्या गणनीय वेतनाच्या, म्हणजे निवृत्तिवेतनासाठी धरल्या जाणाऱ्या वेतनाच्या, ३० टक्के असते. १ जानेवारी २०१६ पासून त्याची किमान मर्यादा दरमहा ९,००० रुपये असून त्यावर महागाई सवलत वेगळी मिळते. निवृत्तीनंतर मृत्यू झाल्यास सुरुवातीची काही वर्षे ५० टक्क्यांचा वाढीव दर लागू होतो. मृत्यूपासून सात वर्षे, किंवा पती हयात असता तर ज्या दिवशी ६७ वर्षांचा झाला असता तो दिवस, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत तो मिळतो. पती ५८ व्या वर्षी वारला, तर पूर्ण सात वर्षे वाढीव दर मिळेल. ६४ व्या वर्षी वारला, तर तीनच वर्षे. आणि सत्तरीनंतर वारला, तर पहिल्या दिवसापासून ३० टक्केच. वाढीव दर संपल्यावर रक्कम एकदम घटते, तेव्हा घाबरून जाऊ नये. सेवाकाळातील कारणाने मृत्यू झाल्याचे मान्य झाल्यास विशेष कुटुंब निवृत्तिवेतन ६० टक्के, आणि युद्ध किंवा तत्सम मोहिमेत वीरमरण आल्यास उदारीकृत कुटुंब निवृत्तिवेतन १०० टक्के असते. निवृत्त पतीला सेवेमुळे जडलेल्या आजाराचे अपंगत्व निवृत्तिवेतन मिळत असेल आणि मृत्यूही त्याच आजाराने झाला असेल, तर विशेष दराचा दावा रेकॉर्ड ऑफिसकडे वेगळा मांडावा. तो आपणहून कोणी देत नाही. ‘समान हुद्दा, समान निवृत्तिवेतन’ योजना कुटुंब निवृत्तिवेतनालाही लागू आहे, त्यामुळे मंजूर रक्कम चालू तक्त्याशी पडताळून पाहावी.

मुंबईत सैन्यातून आल्यावर दुसरी सरकारी नोकरी केलेले माजी सैनिक खूप आहेत. पूर्वी अशा घरातील विधवेला दोहोंपैकी एकच कुटुंब निवृत्तिवेतन निवडावे लागे. सप्टेंबर २०१२ पासून सैनिकी आणि नागरी अशी दोन्ही मिळू शकतात. जुन्या विधवांपैकी काहींना हे अजूनही ठाऊक नसते, म्हणून शेजारीपाजारी कोणी असल्यास अवश्य सांगावे.

पतीच्या निधनाच्या दिवसापर्यंतची थकीत रक्कम आणि सेनेच्या गट विम्याची वाढीव मुदतीतील रक्कम यांचे दावे वेगळे असतात आणि ते नामनिर्देशित व्यक्तीला मिळतात. तरुणपणी अविवाहित असताना भरती झालेल्या जवानाने आईचे नाव लिहिलेले असते आणि पुढे ते बदललेले नसते. आई हयात नसेल, तर तिच्याही मृत्यूचा दाखला आणि वारसाहक्काचे कागद लागतात. कुटुंब निवृत्तिवेतन मात्र त्यासाठी अडवून ठेवण्याचे कारण नाही.

मंजुरीनंतरची कामे

मंजुरीनंतर पत्नीच्या नावाने नोंद होते आणि त्यानंतर दरवर्षी तिने स्वतःचे हयातीचे प्रमाणपत्र द्यावयाचे असते. जीवन प्रमाण ॲपवर चेहरा दाखवून ते घरबसल्या होते. ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, कार्डावर तिचा दर्जा बदलून घ्यावा, अन्यथा कुलाब्याच्या आयएनएचएस अश्विनी या नौदलाच्या रुग्णालयात किंवा संलग्न रुग्णालयात ऐन वेळी खोळंबा होतो. कँटीन कार्डही तिच्या नावावर होते. राज्य शासनाने माजी सैनिक व सैनिकांच्या विधवांसाठी मालमत्ता करमाफीची योजना आणली आहे, मात्र मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून ही माफी सरसकटच असल्याने तिचा उपयोग त्याहून मोठे घर असणाऱ्यांनाच आहे. प्राप्तिकरासाठी कुटुंब निवृत्तिवेतन ‘इतर स्रोतांपासूनचे उत्पन्न’ धरले जाते आणि त्यातून एक तृतीयांश किंवा १५,००० रुपये, यांपैकी कमी असलेली रक्कम वजा होते. नव्या करप्रणालीत ही मर्यादा २५,००० आहे.

ज्यांच्या पतीला निवृत्तिवेतनच नव्हते, अशा हवालदार व त्याखालील हुद्द्यांच्या विधवांसाठी केंद्रीय सैनिक बोर्डाची मदत आहे. ६५ वर्षांवरील विधवेला दरमहा ४,००० रुपये मिळत. १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना हा दर ८,००० आहे, आणि मुलीच्या विवाहासाठीचे अनुदान ५०,००० वरून एक लाख झाले आहे. हे अर्जही जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फतच जातात.

दावा फेटाळला गेला किंवा उत्तरच आले नाही, तर स्पर्शवर तक्रार, त्यानंतर केंद्राच्या तक्रार निवारण प्रणालीवर नोंद आणि रक्षा पेन्शन अदालत हे मार्ग आहेत. तेथेही काम झाले नाही, तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे खंडपीठ मुंबईतच आहे. उशिरा दाद मागितल्यास हक्क मान्य होऊनही थकबाकी सहसा अर्जापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते, तेव्हा स्मरणपत्रे पाठवत वर्षे घालवू नयेत. वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. तेथे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता वकील मोफत दिला जातो.