बाटलीतला रंग उडाला म्हणजे तो कुजला असं नाही: या चुका टाळा

हिवाळा लागला की विदर्भातल्या तालुक्याच्या कॉलेजांमध्ये बी.एस्सी.चे प्रोजेक्ट सुरू होतात आणि त्यात एक विषय हमखास असतो: कापड रंगवायचा कृत्रिम रंग पाण्यात कुजतो का? रंगाच्या पाण्यात नाल्याचा गाळ नाहीतर शेणकाला घालायचा आणि पाणी नितळ झालं की ‘९० टक्के जैवविघटन’ लिहून मोकळं व्हायचं. ही टक्केवारी बहुतेक वेळा रंग उडाल्याची असते. रंग दिसेनासा व्हायला चार-पाच कारणं असतात; जिवाणूंनी तो खाणं हे त्यातलं फक्त एक.

सगळ्यात जास्त फसवतो तो गाळ. मेथिलिन ब्लूच्या बाटलीत शेणकाला घालून बघा. थोड्याच वेळात वरचं पाणी फिकं पडतं आणि बुडाशी बसलेला चोथा निळाशार होतो. इतक्यात जिवाणूंनी काही खाल्लेलं नसतं, रंग नुसता चोथ्याला चिकटलेला असतो. गाळ वेगळा काढून त्यात थोडं स्पिरिट घालून हलवा. निळं उतरलं तर रंग गेलाच नव्हता.

म्हणून तीन बाटल्या हव्यातच. एकीत रंग आणि जिवंत गाळ, दुसरीत रंग आणि मारलेला गाळ, तिसरीत रंगाशिवाय नुसता गाळ, कारण शेणाचा स्वतःचा तपकिरीपणा आणि सीओडी (पाण्यातला सेंद्रिय माल रसायनाने जाळायला किती ऑक्सिजन लागतो, तो आकडा) वजा करावा लागतो. गाळ मारायला ऑटोक्लेव्ह नसेल तर प्रेशर कुकर चालतो: १५ पौंड दाबावर २० मिनिटं, आणि बीजाणू चिवट असतात म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा. मेलेल्या गाळाच्या बाटलीतही रंग तेवढाच उतरला, तर जिवाणूंच्या खात्यात काही जमा होत नाही. वेळ वाचवायला ही बाटली वगळणारे पुष्कळ असतात. तिच्याशिवायचा प्रोजेक्ट मी तरी वाचायला घेणार नाही.

नमुना फिल्टर पेपरातून गाळून कलरीमीटरला (रंगाची गडदता मोजायच्या यंत्राला) लावणं हीसुद्धा चूकच. मेथिलिन ब्लू कागदालाही चिकटतो आणि आकडा आपोआप ‘सुधारतो’. सेंट्रिफ्यूज करा, नाहीतर नमुना रात्रभर निवळू द्या.

पाणी कुठलं घेतलं हेही कुणी लिहीत नाही. ग्रामपंचायतीच्या टाकीत टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकलेली असते. तो क्लोरीन रंगही उडवतो आणि जिवाणूही मारतो. डिस्टिल्ड वॉटर घ्या, त्यात थोडं अमोनियम क्लोराईड आणि फॉस्फेट बफर घाला. बफर विसरू नका: मिथिल ऑरेंज ४.४ पीएचच्या वर पिवळा आणि ३.१ च्या खाली लाल असतो. जिवाणूंनी आम्ल सोडलं की रंग बदलतो, आणि आपण ते विघटन समजतो.

बाटल्या खिडकीत ठेवू नका, उन्हानेही रंग विटतो. कपाटात ठेवा. एप्रिल-मेमध्ये तर हा प्रयोग करूच नये. चंद्रपूरकडे पारा ४५ च्या वर जातो, पाणी आटतं, उरलेला रंग घट्ट होतो आणि वाचन उलटं चढतं. शिवाय २० अंशांना लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ४० अंशांना साडेसहासुद्धा नाही, म्हणजे जिवाणूंना ऑक्सिजनही कमी पडतो.

आता अझो रंग. बाजारातल्या कृत्रिम रंगांचा मोठा हिस्सा याच कुळातला. बूच घट्ट लावून बाटली ठेवली की तळाशी ऑक्सिजन संपतो आणि जिवाणू दोन नायट्रोजनमधला जोड तोडतात. रंग जातो, पण रेणूचे तुकडे अॅरोमॅटिक अमाईन म्हणून पाण्यातच राहतात. मिथिल ऑरेंजपासून सल्फानिलिक आम्ल आणि एक डायअमाईन सुटतं. काही रंगांचे असे तुकडे मूळ रंगापेक्षा घातक असतात. काँगो रेडपासून निघणारं बेंझिडीन कर्करोगकारक आहे. पाणी नितळ, विष हजर! हे तुकडे कुजायला पुढे हवा लागते, म्हणून रंग गेल्यावर मत्स्यालयाचा पंप लावून प्रयोग चालू ठेवा आणि दोन्ही टप्प्यांवर सीओडी मोजा. रंग ९० टक्के गेला आणि सीओडी जागच्या जागी, तर काही कुजलेलं नाही. गाळाला ग्लुकोज खाऊ घातलं असेल तर उतरलेला सीओडी ग्लुकोजचाही असू शकतो. तेवढंच ग्लुकोज बिनरंगाच्या बाटलीतही घाला.

‘सहज कुजणारा’ हा शब्द मनाने वापरू नका. ओईसीडी ३०१ या आंतरराष्ट्रीय प्रमाणित चाचणीत २८ दिवसांत सैद्धांतिक (म्हणजे पदार्थ पूर्ण कुजला तर लागेल तेवढ्या) ऑक्सिजनच्या किंवा सुटेल तेवढ्या कार्बन डायऑक्साईडच्या ६० टक्क्यांपर्यंत पोचावं लागतं. विरघळलेला सेंद्रिय कार्बन मोजला, तर ७० टक्के. सोबत सोडियम बेंझोएटची बाटली लावतात. लोणच्या-सॉसमध्ये टिकाऊपणासाठी घालतात तेच, पण उदासीन पाण्यात जिवाणू ते आवडीने खातात. १४ दिवसांत तेच कुजलं नाही, तर तुमचं विरजणच, म्हणजे घातलेला गाळच, मेलेलं आहे, रंगाला दोष देऊ नका. बहुतेक कृत्रिम रंग या परीक्षेत नापास होतात, आणि नापास निकाल हाही निकालच असतो.

काहीच हललं नाही तर आधी मात्रा बघा. मॅलाकाईट ग्रीन मत्स्यपालनात बुरशी मारायला वापरत आले आहेत; चमचाभर टाकला तर जिवाणू जगणार कसे? लिटरला १०-२० मिलिग्रॅमपासून सुरुवात करा. बाजारातल्या पुडीत रंगासोबत मीठही असतं, म्हणून वजन पुडीचं की शुद्ध रंगाचं, ते लिहा. त्या मिठातला क्लोराईड सीओडीचा आकडा फुगवतो. आणि गाळ रंगवणाऱ्याच्या नालीतला असेल तर तो रंगाला आधीच सरावलेला असतो. तिथे आलेला आकडा गावच्या तळ्याला लावू नका.