फ्रेम रेट मिळत नाही? नवा कॅमेरा घेण्याआधी या चुका टाळा

दुर्बिणीतून गुरू-शनीचे व्हिडिओ घेणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते: कॅमेऱ्याच्या माहितीत सेकंदाला १७० फ्रेम लिहिल्यात, इथे १९च येतात. त्यापाठोपाठचा प्रश्नही ठरलेला: कॅमेरा खराब निघाला का? बहुतेक वेळा तो ठणठणीत असतो. सेन्सरवरची फ्रेम डिस्कवर पोचेपर्यंत एक्स्पोजर, सेन्सरचं वाचन, केबल, पोर्ट, प्रोसेसर, डिस्क असे टप्पे ओलांडते. सगळ्यात अरुंद टप्प्यातून जेवढ्या फ्रेम जातील तेवढ्याच तुमच्या हाती लागतात. तो टप्पा न शोधता एकदम चार सेटिंग फिरवली, तर सुधारलं तरी कशामुळे ते कळत नाही, आणि पुढच्या रात्री पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

एक्स्पोजर न बघता बाकी सगळं बदलणं

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. एक्स्पोजर म्हणजे एका फ्रेमसाठी सेन्सर जेवढा वेळ प्रकाश गोळा करतो तो. १००० ला एक्स्पोजरच्या मिलिसेकंदांनी भागा. येणाऱ्या आकड्यापेक्षा जास्त फ्रेम कुठलाही कॅमेरा देऊ शकत नाही. एक्स्पोजर ३० मिलिसेकंद असेल तर कमाल ३३. मग केबल सोन्याची असली तरी ३४वी फ्रेम येणार नाही. ऑटो एक्स्पोजर चालू राहिलं असेल तर एक्स्पोजर तुमच्या नकळत वाढलेलं असतं. ते आधी बंद करा.

नवीन मंडळी गेन (सेन्सरचा सिग्नल किती वाढवायचा ते सेटिंग) वाढवायला घाबरतात, कारण पडद्यावर फ्रेम रवाळ दिसते. दिसू द्या. एकेक फ्रेम सुंदर दिसावी म्हणून आपण रेकॉर्ड करत नाही. हजारो फ्रेम एकावर एक रचल्या की तो रवा निघून जातो. झेडडब्ल्यूओ कंपनीच्या कॅमेऱ्यात गेनचा एक अंक म्हणजे ०.१ डेसिबल, म्हणून गेन ६० ने वाढवला की चित्र दुप्पट उजळतं आणि एक्स्पोजर निम्मं करता येतं. गेन २०० वर ३० मिलिसेकंद लागत असतील, तर २६० वर १५ आणि ३२० वर साडेसात. तीन मिनिटांत ३० मिलिसेकंदाला सुमारे ६,००० फ्रेम मिळतात, साडेसातला २४,०००. एकूण गोळा झालेला प्रकाश तोच, पण छोट्या एक्स्पोजरमध्ये हवेची थरथर गोठते आणि निवडायला चौपट फ्रेम असतात. हिस्टोग्राम (फ्रेमच्या उजेडाचा आलेख) ७० टक्क्यांवर नेण्याचा हट्टही नको. ४०-५० वर काम उत्तम होतं.

उलट बाजूही लक्षात घ्या. शनी गुरूपेक्षा बराच मंद आहे, त्याला १५ ते २० मिलिसेकंद लागतातच. तिथे ५०-६० फ्रेम येत असतील तर काही बिघडलेलं नाही. दुरुस्तीच्या नादी न लागता रेकॉर्डिंग सुरू करा.

झाकण लावून तपासणी न करणं

ही तपासणी घरी, भर दुपारी होते आणि पाच मिनिटांत आटपते. तरी लोक ती शेतावर जाऊन, अंधारात, गुरू डोक्यावर आलेला असताना करतात. कॅमेऱ्याला झाकण लावा, एक्स्पोजर १ मिलिसेकंद, रॉ८ (आठ बिटचा कच्चा फॉरमॅट), आकार ६४० बाय ४८० पिक्सेल. रेकॉर्डिंग न करता किती फ्रेम येतात ते लिहा. मग रेकॉर्डिंग सुरू करून लिहा. मग पूर्ण फ्रेमवर दोन्ही पुन्हा. हे चार आकडे वहीत असले की रात्री अंदाज बांधावे लागत नाहीत. नुसतं बघताना १५० आणि रेकॉर्ड करताना ६०, तर डिस्ककडे बघा. दोन्ही वेळा सारखेच कमी, तर केबल, पोर्ट किंवा सेटिंग.

यूएसबी ३ चा कॅमेरा यूएसबी २ वर चालवणं

एका हिवाळी रात्रीचा प्रसंग. आठ इंची दुर्बीण, झेडडब्ल्यूओचा एएसआय २९० मोनो कॅमेरा, एक्स्पोजर ८ मिलिसेकंद, म्हणजे १२५ पर्यंत फ्रेम यायला हव्यात. पूर्ण फ्रेमवर येत होत्या १९. कॅमेऱ्याच्या मालकाने रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर बदललं, शार्पकॅप सोडून फायरकॅप्चर लावून पाहिलं, फरक नाही. मग मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून ड्रायव्हर उतरवून पुन्हा टाकला. यूएसबी ट्रॅफिक (कॅमेऱ्याने केबलवर माहिती किती वेगाने सोडायची ते सेटिंग) १०० वर नेला, तर फ्रेम फाटून अर्ध्या-अर्ध्या येऊ लागल्या. यात दोन तास गेले आणि गुरू मध्यमंडल (आकाशातली डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडून पश्चिमेला कलला.

उत्तर त्या १९ मध्येच होतं. या सेन्सरची पूर्ण फ्रेम १९३६ बाय १०९६, म्हणजे आठ बिटला सुमारे २.१२ मेगाबाइट. गुणिले १९ म्हणजे सेकंदाला ४० मेगाबाइट. यूएसबी २ वरचा वेग ४८० मेगाबिट लिहिलेला असला तरी प्रत्यक्षात ३५ ते ४० मेगाबाइटच जातात. गुणाकार ४० च्या आसपास आला की सॉफ्टवेअर सोडा आणि केबल बघा.

कॅमेऱ्याच्या पाठीवर टॉर्च मारला तेव्हा दिसलं. यूएसबी ३ चं बी सॉकेट दोन मजली असतं: खाली चौकोन, वर छोटा चपटा कप्पा. खालचा चौकोन भरलेला होता, वरचा कप्पा रिकामा. निघताना घाईत प्रिंटरची केबल पिशवीत आली होती. प्रिंटरचा प्लग या सॉकेटच्या खालच्या मजल्यात अगदी घट्ट बसतो, चित्र येतं, कंट्रोल चालतात, काहीच चुकल्यासारखं वाटत नाही. वेग तेवढा यूएसबी २ चा राहतो. बरोबर केबल लावल्यावर, दुसरं एकही सेटिंग न बदलता, १२० च्या वर फ्रेम आल्या.

याचीच दुसरी तऱ्हा लॅपटॉपच्या बाजूला होते. प्लग हळूहळू आत सरकवला तर यूएसबी २ ची चार टोकं आधी जोडली जातात, यूएसबी ३ ची पाच नंतर. तेवढ्या वेळात लॅपटॉप समोरच्याला यूएसबी २ समजून मोकळा होतो. माझी सवय अशी: प्लग सरळ धरायचा, एका झटक्यात पूर्ण आत घालायचा आणि मग वेग तपासायचा. लिनक्सवर एलएसयूएसबी ही आज्ञा टी पर्यायासह (lsusb -t) दिली की कॅमेऱ्यासमोर ५०००एम दिसायला हवं. ४८०एम दिसलं तर काढून पुन्हा लावा. विंडोजवर यूएसबी ट्री व्ह्यूअरमध्ये सुपरस्पीड लिहिलेलं शोधा. लॅपटॉपऐवजी रास्पबेरी पाय हा छोटा संगणक वापरत असाल, तर पाय ३ वर यूएसबी ३ नाहीच. पाय ४ वर दोन निळे पोर्ट आहेत, तेच वापरा.

कॅमेरा लॅपटॉपच्या पोर्टला थेट लावा. फिल्टर व्हील, माउंट (दुर्बीण फिरवणारं स्टँड) आणि गायडर (माग ठेवणारा छोटा कॅमेरा) हबवर राहू देत. केबल ३ मीटरपेक्षा लांब नको. एक्स्टेन्शन जोडून पाच मीटर केलेली साधी केबल घरात चालते आणि मैदानात दगा देते.

पूर्ण फ्रेम रेकॉर्ड करणं

२,०३२ मिलिमीटर फोकल लांबी, फोकल लांबी दुप्पट करणारी २x बार्लो भिंग आणि २.९ मायक्रॉनचे पिक्सेल असतील तर एका पिक्सेलमध्ये ०.१४७ कोनीय सेकंद येतात. जानेवारी २०२६ च्या प्रतियुतीला (गुरू सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला असताना) गुरू सुमारे ४६ कोनीय सेकंदांचा होता, म्हणजे साधारण ३१३ पिक्सेल. ६४० बाय ४८० मध्ये तो आरामात मावतो आणि माउंट थोडं सरकलं तरी जागा उरते. भोवतालचं काळं आकाश डिस्कवर भरून काय मिळणार?

इथे एक बारकावा बरेच जण चुकवतात. हे सेन्सर ओळीओळीने वाचले जातात, म्हणून सेन्सरचा वेग उंची कमी केल्याने वाढतो. रुंदी कमी केल्याने फक्त केबलवरचा आणि डिस्कवरचा भार उतरतो. वेग वाढत नसेल तर ४८० च्या ४०० ओळी करून बघा, रुंदीत कापाकापी नंतर. ज्यांच्याकडे यूएसबी २ चाच कॅमेरा आहे त्यांनीही निराश होऊ नये. ६४० बाय ४८० ची फ्रेम ०.३ मेगाबाइटची, ४० मेगाबाइटच्या रस्त्यावरून हिशेबाने १३० पर्यंत जाऊ शकतात. पूर्ण फ्रेमच्या १९ पेक्षा हे कितीतरी बरं.

रॉ१६ मध्ये प्रत्येक फ्रेम दुप्पट जड होते, आरजीबी२४ मध्ये तिप्पट. ग्रहांसाठी चढ्या गेनवर रॉ८ पुरतं, कारण आठ बिटच्या एका पायरीपेक्षा फ्रेममधला रवाच मोठा असतो. रंगीत कॅमेऱ्याचं डिबेयरिंग (कच्च्या फ्रेममधून रंग काढणं) स्टॅकिंगच्या, म्हणजे फ्रेम रचण्याच्या वेळी करा, रेकॉर्ड करताना नको. हाय स्पीड मोड चालू ठेवा: २९० मध्ये १२ बिटला ८२ च्या आसपास अडकणारी पूर्ण फ्रेम १० बिटला १७० पर्यंत जाते.

डिस्क

लक्षण ठळक आहे: पहिले २०-३० सेकंद वेग छान, मग घसरण आणि ड्रॉप्ड फ्रेम्सचा (गळलेल्या फ्रेमचा) आकडा वाढू लागतो. मेमरीतली राखीव जागा भरली आणि डिस्कला झेपेना. ६४० बाय ४८०, सेकंदाला २०० फ्रेम, म्हणजे ६१ मेगाबाइट. तीन मिनिटांत ११ गीगाबाइट. जुन्या लॅपटॉपची फिरती डिस्क रिकामी असताना हे पेलते, पण भरत आली की आतल्या, संथ पट्ट्यांवर लिहावं लागतं आणि वेग जवळपास निम्मा होतो. पेनड्राइव्हवर थेट रेकॉर्ड करू नका. एसएसडी वापरा, तिचीही चौथाई जागा मोकळी ठेवा.

फाइल एसईआर या व्हिडिओ फॉरमॅटमध्येच घ्या. व्हिडिओऐवजी हजारो सुट्या चित्रांच्या फिट्स किंवा पीएनजी फाइली लिहायला लावणं म्हणजे डिस्कला विनाकारण छळणं. फोल्डर डेस्कटॉपवर नको. तो अनेकदा वनड्राइव्हशी जोडलेला असतो आणि रेकॉर्डिंग चालू असतानाच अपलोड सुरू होतं. वेगळं फोल्डर करा आणि विंडोजच्या डिफेंडर या अँटीव्हायरसच्या तपासणीतून ते वगळा.

बाकीचं थोडक्यात

यूएसबी ट्रॅफिक झेडडब्ल्यूओमध्ये जास्त म्हणजे वेगवान, क्यूएचवाय कंपनीच्या कॅमेऱ्यांत नेमकं उलट. झेडडब्ल्यूओवर ४० पासून ५-५ ने वाढवा, फ्रेम गळायला लागल्या की १० ने मागे या.

लॅपटॉप बॅटरीवर असेल तर पॉवर सेव्हर बंद, यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद.

डीप स्कायसाठी (तेजोमेघ, दीर्घिका यांसाठी) घेतलेला २६ मेगापिक्सेलचा कॅमेरा पूर्ण फ्रेमवर ३-४ फ्रेमच देतो. ग्रहांसाठी त्याची खिडकी, म्हणजे फ्रेमचा आकार, लहान करा.

मध्यमंडलानंतर दुर्बीण पलटवली आणि वेग अचानक पडला, तर प्लग ओढला गेलेला असतो. केबल माउंटला वेल्क्रोने बांधा, कॅमेऱ्यापाशी वीतभर ढील ठेवा, आणि पलटवल्यावर ५०००एम पुन्हा एकदा बघून घ्या.